चित्र काढायचं असतं

आमच्या घरमालकांसमोर कुणी ‘चित्र बनवलं’ असं म्हटलं, की त्यांचा पारा चढायचा.

“बनवायला तो काय चहा आहे?” ते विचारायचे. “चहा बनवतात, बहाणे बनवतात, गिऱ्हाइकाला बनवतात. चित्र काढतात! विहिरीतून पाणी काढतात, पायातला काटा काढतात, म्हशीचं दूध काढतात, तसं. आत असेल ते बाहेर काढायचं. आत नसेल तर कितीही दोर ओढा, बादली रिकामीच येणार.”

बुऱ्हाणपुरात असं बोलणं म्हणजे अख्ख्या गावाशी वैर. तिथली मराठी हिंदीत इतकी कालवलेली, की भात कुठे संपतो आणि वरण कुठे सुरू होतं ते कळत नाही. ‘मी चित्र बनवून राहिलो’ असंच तिथे सगळे म्हणणार. खुद्द काकांचं बोलणं तरी कुठे धुतल्या तांदळासारखं होतं? शाळा सगळी हिंदीतून झाली, इतवाऱ्यातलं कापडाचं दुकान जन्मभर हिंदीत चालवलं, आणि भांडायचं असलं तर खास हिंदीतच. पण या एका शब्दावर मात्र ते अडून बसायचे. मी एकदा वैतागून विचारलं, “काका, एवढं काय आहे त्या ‘काढण्यात’?”

“माय म्हणायची,” ते म्हणाले. “चुलीची राख जमिनीवर पसरायची आणि विचारायची, ‘काय काढू? हत्ती काढू?’ बनवू नव्हती म्हणत.”

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. मला तेव्हा काहीच कळलं नाही.

बँकेतल्या बदलीमुळे मी बुऱ्हाणपुरात येऊन पडले होते. नवरा नाशकात, मुलगी हॉस्टेलवर आणि मी लोधीपुऱ्यात काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. संध्याकाळी घर खायला उठायचं. म्हणून मी हौसेनं चित्रकलेचं सामान मागवलं. पेन्सिलींचा डबा, जाड कागदाची वही आणि एक पांढरंशुभ्र, सशासारखं मऊ रबर. पहिल्याच संध्याकाळी गच्चीवर बसून समोरचा कडुनिंब काढायला घेतला. म्हणजे काढत होते थोडा आणि खोडत होते जास्त. मागून आवाज आला.

“मॅडम, कागदाला खाज सुटली आहे काय?”

मागे वळून पाहते तर घरमालक. धोतर नाही, पायजमा नाही, नातवाची वाटावी अशी हाफ पँट, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि कानावर पेन्सिल. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, चित्र बघायला मागतायत. त्यांनी रबर उचललं, नीट निरखलं आणि शेजारच्यांच्या पत्र्यावर भिरकावून दिलं. टण्णकन वाजलं.

“अहो काका!”

“चुकलेली रेघ राहू द्या. तिच्या शेजारी बरोबर काढा. चुकलेलीला पाहून बरोबरला अक्कल येते. खोडून टाकली तर कोण शिकवणार तिला?”

घरमालक नसते तर मी त्यांना चांगलंच सुनावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गच्चीवर गेले, आणि ते तिथे होतेच. मग रोजचंच झालं.

त्यांचा कागद म्हणजे लग्नपत्रिका. पत्रिकेची कोरी बाजू त्यांना फार प्रिय. जाड असते, पेन्सिल धरते, आणि वर हळदीचं बोट लागलेलं असलं तर शकुनही होतो. लग्नाचं बोलावणं आलं की हा माणूस नवरा-नवरीचं नाव वाचायच्या आधी पत्रिका उलटी करून बघायचा. मागे कोरी असली तर तोंड भरून आशीर्वाद. मागेही छापलेलं असलं तर, “कंजूष लोकं आहेत. पोरगी सुखात नाही राहायची तिथे.” अलीकडे लोक मोबाइलवरच पत्रिका पाठवायला लागले, तेव्हा तर ते हवालदिल झाले. एका जुन्या मित्राला त्यांनी फोनवर माझ्यासमोर झापलं, “अरे, आमंत्रण मोबाइलवर पाठवलं, मान्य. आता मी काढू कशावर? तुझ्या टकलावर?”

आणि त्यांचा गुरू! तोही मोबाइलमधलाच. कुणी एक परदेशी गोरा टक्कलवाला, रेघा आणि गोल कसे काढायचे त्याचे धडे देणारा. काका त्याला ‘मुका मास्तर’ म्हणत, कारण ते आवाज पार बंद करून बघायचे. “बोलणारे मास्तर शाळेत पुष्कळ भेटले. एकाकडूनही काही आलं नाही. मुक्याचा हात बघावा.” मुका मास्तर जे करेल ते काका करायचे. आधी पत्रिकाभर आडव्या रेघा, मग उभ्या, मग तिरप्या. रेघ मनगटातून नाही, खांद्यातून आली पाहिजे. मग गोल. मावा जिलेबीच्या दुकानासमोर उभं राहून ते हलवायाचा हात बघायचे, आणि हलवाई बिचारा समजायचा की गिऱ्हाईक आहे. मग लोटा. लोट्याचं तोंड वरून गोल दिसतं, समोरून दिसत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरायला एक अख्खा उन्हाळा गेला.

प्रत्येक चित्राआधी काका उजवा हात जोरात झटकायचे, आणि मग शर्टाला पुसायचे. मला म्हणाले, “हे विसरू नका. मास्तर करतो. याने नस मोकळी होते.” मीही झटकायला लागले. पुढे एकदा मी कानाला इअरफोन लावून तो धडा मुद्दाम ऐकला. मास्तर म्हणत होता, ‘माफ करा, हातावर गरम कॉफी सांडली.’ मी एकटीच लोळून लोळून हसले. पण काकांना सांगितलं नाही. कशाला सांगायचं? आज बुऱ्हाणपूर सुटलं, दुसऱ्या गावी बदली झाली, तरी पेन्सिल धरण्याआधी माझा हात आपोआप झटकला जातो, आणि खरं सांगते, नस मोकळी होते.

काकांनी सगळं काढलं. खाटेच्या सुतळीतली भोकं काढली. (“खाट नका काढू, भोकं काढा. खाट आपोआप येते.”) केळीचा घड काढला, पानांच्या फटीतलं आभाळ काढलं, तापीच्या घाटावरच्या पायऱ्या काढल्या, कागदाकडे न बघता स्वतःचा डावा हात काढला. पण माणसाचं तोंड नाही. माणसं काढली तरी पाठमोरी, नाहीतर डोक्यावरच्या टोपलीनं तोंड झाकलेली. मी एकदा लाडात येऊन म्हटलं, “काका, माझं काढा ना एक. मोबाइलवर लावीन.”

“तोंड सोडून काही सांगा.”

“का? माझं तोंड काय वाईट आहे?”

ते हसले नाहीत. मला वाटलं, झालं, आता खोली खाली करायला सांगतात. पण त्यांनी खाटेवरचे केळीचे घड बाजूला सारले, बसले, आणि जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही.

त्यांची आई ते लहान असतानाच गेली. शाळेत नाव घालायच्याही आधी. तापीकाठच्या एका खेड्यात त्यांचं घर. कापूस निघाला की तो विकेपर्यंत घरातच ठेवायचा, पार आढ्याला टेकेल इतका ढीग. त्या ढिगामागे माय लपायची आणि हे शोधायचे. एकदा सापडेचना. रडकुंडीला आले, तेव्हा कापसातून तिनं डोकं वर काढलं आणि हसली.

“केसांना कापूस चिकटलेला दिसतो मॅडम. हातातल्या हिरव्या बांगड्या दिसतात. डोक्यावरचा पदर दिसतो. पण मधे तोंडाच्या जागी सगळं पांढरं.” त्यांनी पेन्सिलीनं हवेत एक गोल काढला. “फोटो नाही. एकही नाही. एवढी चाळीस गावं मिळून एक फोटोवाला होता तेव्हा.”

मायला पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं, त्यांची थोरली बहीण. तिला ते जिजी म्हणायचे. जिजी त्याच खेड्यात, पुतण्यांकडे राहायची. काकांना मायचं तोंड काढायचं होतं आणि जिजीला दाखवायचं होतं. ती ‘हो’ म्हणाली म्हणजे झालं. ती गेली की मग ‘हो’ म्हणणारं जगात कुणी नाही. रेघा, गोल, लोटे, भोकं, सगळी तयारी चालली होती ती यासाठी.

“मग काढा की! हात तर केव्हाच तयार झालाय तुमचा.”

“आणि चुकीचं निघालं तर? कागदावरचं डोक्यात जाऊन बसेल. मग जे थोडंफार आहे, कापूस, बांगड्या, तेही जाईल.”

“तुम्हीच म्हणता ना, चुकलेली रेघ राहू द्यावी?”

“लोट्याची चूक वेगळी,” ते म्हणाले. “मायची वेगळी.”

त्या दिवसापासून त्यांच्या विक्षिप्तपणावर मी हसले, नाही असं नाही, पण हसता हसता कापसाचा तो ढीग आठवायचा.

आणि विक्षिप्तपणाला तोटा नव्हताच. एकदा खालून सूनबाई धापा टाकत वर आली. “मॅडम, पप्पाजींना समझवा ना प्लीज. त्यांनी गणपतीचं कॅलेंडर उलटं लटकवून ठेवलंय. मला तर टेन्शनच आलं!” खाली जाऊन बघते तर खरंच, बैठकीच्या खोलीत गणपतीबाप्पा डोकं खाली, पाय वर, आणि समोर काका मांडी घालून काढतायत. मुक्या मास्तरचा धडा होता तो. ओळखीची गोष्ट उलटी टांगली की डोकं गप्प बसतं आणि डोळे काम करतात. काकांना घरातली सगळ्यात ओळखीची गोष्ट गणपतीच सापडली, त्याला कोण काय करणार!

त्याच वेळी समोरच्या भाभी वाटीभर साखर मागायला आल्या. त्यांनी दारातूनच बघितलं, आणि साखर न घेताच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, “देव पाण्यात घालून बसतात हे ऐकलं होतं, उलटा टांगतात हे नव्हतं माहीत. एवढं कडक व्रत! सुनेला दिवस राहत नाहीत, म्हणून ना?” मी नाही-हो करत सटकले. आणि बाप्पाची करणी बघा, त्याच वर्षी सूनबाईला दिवस राहिले. मुलगा झाला. गल्लीत काकांच्या नावाचा डंका वाजला. कितीतरी घरी त्या वर्षी बाप्पा गुपचूप शीर्षासन करून गेले म्हणतात.

त्या नातवाच्या बारशातच ती विचित्र गोष्ट घडली. पाळणा सजलेला, घर बायकांनी गच्च भरलेलं. भुसावळकडची कुणी आजीबाई बाळाला मांडीवर घेऊन कौतुकानं म्हणाली, “अगं बाई, मातृमुखी आहे हो!” पुढचं तिच्या तोंडातच राहिलं, कारण काका ताडकन उठले.

“बस्स! हा शब्द माझ्या घरात नको. लेकराची माय धडधाकट समोर बसली आहे, दिसत नाही काय तुम्हाला?”

आजीबाई गोऱ्यामोऱ्या. सूनबाईचे डोळे भरले. काका तरातरा गच्चीवर निघून गेले आणि पत्रिकेमागून पत्रिका आडव्या रेघांनी भरत बसले. मला भयंकर राग आला होता. म्हातारा सरकला, दुसरं काय! मी वर जाऊन बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी पेन्सिलीनंच मला थांबवलं. “मॅडम, तो विषय काढायचा नाही.” नाही काढला. त्या बाईचा अपमान झाला तो झालाच.

दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. काकांच्या खोलीत आरसा नव्हता. दाढी राजपुऱ्यातल्या न्हाव्याकडे, आणि तिथेही खुर्चीत बसले की डोळे मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं, झोप लागते. मुक्या मास्तरनं जेव्हा आरसा समोर ठेवून स्वतःचं तोंड काढायचा धडा दिला, तेव्हा काकांनी तो सरळ पुढे ढकलला. “हा फालतू आहे. आपलं थोबाड काय बघायचं?” मी मात्र इमानदारीत केला. माझं चित्र माझ्या मावसबहिणीसारखं आलं, आणि तिला ते दाखवल्यावर तिनं बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला. शिकणाऱ्याला एवढं सोसावंच लागतं.

मग एका रविवारी सकाळी निरोप आला. जिजीनं अंथरूण धरलंय. काकांचा मुलगा मालासाठी सुरतेला गेलेला. काका माझ्या दारात उभे राहिले. पायात चपला उलटसुलट, हाताखाली पत्रिकांचा गठ्ठा, कानावर एक सोडून दोन पेन्सिली.

“मॅडम, तुमची गाडी...”

मी किल्ली उचलली. रस्ताभर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि शेजारी बसलेला माणूस पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासतोय. एकदाच बोलले. “विचारून विचारून काढतो. ती सांगेल, मी काढेन. पोलीस काढतात ना चोराचं, तसं.”

जिजी खाटेवर होती. एवढीशी, सुकलेली, पण जीभ एकदम तरतरीत. ताप उतरत आला होता. भावाला बघताच म्हणाली, “मी मेली नही अजून. कोन्ही सांगतलं तुले?” मग माझ्याकडे वळून, “हे कोन? नवी सून?”

“भाडेकरू आहेत, जिजी.”

“बरं हाये. चाय घे माय.”

काका खाटेच्या कडेला बसले. पत्रिका गुडघ्यावर. हात झटकला, शर्टाला पुसला.

“जिजी, मायचे डोळे कसे होते?”

“दोन होते.”

“अगं, कसे? मोठे, बारीक?”

“डोळ्यासारखे डोळे.”

“आणि नाक?”

“नाक मधी होतं. काहून रे बापा, काय झालं तुले?”

काकांनी पेन्सिल कागदावरून उचलली. “जिजी, मला मायचं तोंड आठवत नाही. तू सांग. तू नाही सांगितलं तर मला कोण सांगणार?”

म्हातारीनं कोपरावर भार देऊन मान उचलली आणि डोळे बारीक करून भावाकडे बघितलं. “आरं बावळ्या, मले काय इचारतो? तुह्यं तोंड काय केळीच्या बागात पडलं? तू त मातृमुखी! साऱ्या गावाले माहीत हाये.”

झालं. काकांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. बारशातला राग तरी बरा होता, हे बघवेना. पत्रिका खाली पडली.

“जिजी,” ते पुटपुटले, “तू पण?”

“काय मी पन?”

“तू पण तेच म्हणते. म्हणजे मीच ना? मीच खाल्लं ना मायला?”

खोलीत कुणालाच काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, खाली मान घालून. माय गेली तेव्हा गावातल्या बाया घरी यायच्या, यांचं तोंड दोन्ही हातांत धरायच्या, ‘मातृमुखी गं बाई’ म्हणायच्या आणि रडायच्या. त्याआधी गावात एका बाईचं बाळंतपणात बरंवाईट झालं, तेव्हा ‘पोरानं मायले खाल्लं’ असं यांनी ऐकलेलं. शाळेत गेल्यावर कळलं, मातृ म्हणजे माय. मुख म्हणजे तोंड. लहान पोरानं दोन्ही जोडलं. आईला तोंडात घातलेला, तो मातृमुखी. पुढे शाळा हिंदी, दुकान हिंदी, हा शब्द पुन्हा समोर आला नाही, आणि आला तेव्हा बारशात, स्वतःच्या नातवाच्या डोक्यावर. ज्या तोंडानं आईला खाल्लं, ते तोंड कशाला बघायचं? म्हणून आरसा नाही.

अरे देवा! एवढा म्हातारा माणूस, सत्तरी उलटलेला, आणि जन्मभर हे उराशी घेऊन वावरला? दुकान चालवलं, लग्न केलं, पोरं वाढवली, आणि आत हे? माझ्याच्यानं राहवलं नाही. “काका,” मी म्हटलं, “अहो, मातृमुखी म्हणजे ज्याचं मुख आईसारखं. आईच्या तोंडवळ्याचा. एवढंच. चांगला शब्द आहे हो तो!”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग जिजीकडे.

जिजीला आता कुठे उमगलं. तिनं हात लांब केला आणि भावाचा कान असा पिळला, की मलाच कळ आली. “येडा रे येडा! मातृमुखी सदा सुखी, असं हाये ते. मायवर गेलेलं पोरगं सुखी राह्यते. पन माय मेलेल्या पोराले ‘सुखी’ कोन्या तोंडानं म्हनाव? अर्धंच म्हनत बाया, आन् पदर लावत डोळ्याले.” कान सोडून तिनं त्याच कानावरून हात फिरवला. “मले त तुह्यंच तोंड पाहून धीर ये. माय गेली, पन तोंड ठेवून गेली म्हनत होती मी. तुले कव्हा सांगतलं नही. मले काय मालूम, तुले नही मालूम?”

काका रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण माझंही नाक गळायला लागलं होतं.

परत आले तेव्हा जिजी पुतण्याच्या बायकोला ओरडत होती, “आरसा आन! तो टिकल्यायचा!” भिंतीवरचा छोटा आरसा आला. कडेला सगळ्या लाल टिकल्या चिकटवलेल्या, घरातल्या बायकांनी रोज रात्री काढून लावलेल्या. काकांनी तो लोट्याला टेकवून ठेवला आणि बघितलं. खूप वेळ नुसतं बघितलं. मग कपाळाला आठी पडली.

“जिजी, मिशी आहे.”

“मिशी सोडून काढ! मायले मिशी व्हती काय?” आणि तिनं आपल्या अंगावरच्या लुगड्याचा पदर ओढून भावाच्या डोक्यावर घातला, कानामागे खोचला, मागे सरून बघितलं. “हां. आता काढ.”

हाफ पँट, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर बहिणीचा पदर. दारात जमलेली पोरंटोरं फिदीफिदी हसायला लागली. काकांना त्याचं भान नव्हतं. त्यांनी हात झटकला, शर्टाला पुसला आणि पहिली रेघ खांद्यातून आली. चुकली. राहू दिली. शेजारी दुसरी काढली. गाल, हनुवटी, भुवयांमधली खाच. पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गोल झाला, गोलाचं तोंड झालं. सगळ्यात शेवटी त्यांनी ओठांचे कोपरे जरासे वर नेले, आणि पेन्सिल हातातच थांबली.

“जिजी,” ते म्हणाले, “दिसली. कापसातून वर आली.”

त्यांनी पत्रिका बहिणीच्या हातात दिली. जिजीच्या डोळ्यांना कमी दिसतं. तिनं कागद नाकाशी नेला, उजेडाकडे फिरवला, पुन्हा नाकाशी नेला. काका तसेच, पदर डोक्यावर, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या पोरासारखे.

“नाक बरोबर आहे?” त्यांनी भीत भीत विचारलं.

“मधी हाये,” जिजी म्हणाली. मग चाचपडत तिनं आरशावरची एक लाल टिकली सोडवली आणि चित्रातल्या कपाळावर दाबून बसवली. “कुंकू लावून गेली व्हती. मोकळं कपाळ नको मायचं.”

संध्याकाळी आम्ही परत निघालो. जिजीनं दोन केळी आणि पुष्कळ शिव्या बरोबर दिल्या. चित्र तिच्याच उशाशी राहिलं. काका म्हणाले, “राहू दे, मला आता पाठ झालं.” गाडी सुरू केली, गाव मागे पडलं आणि मोठ्या रस्त्याला लागते न लागते तोच काकांनी हात लांब करून गाडीतला मधला आरसा स्वतःकडे वळवून घेतला.

“अहो काका! मागचं काही दिसत नाही मला!”

“तुम्ही पुढे बघा मॅडम,” आरशातून नजर न हलवता ते म्हणाले. “मागचं आज मला बघू द्या.”

मी बाहेरच्या आरशांवर भागवत गाडी हळूहळू बुऱ्हाणपूरपर्यंत आणली. त्यांनी आरसा सोडला नाही, आणि मीही मागितला नाही.